चादरबाईंची संगीतातली पदवी

चादरबाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. रुग्णालयात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना चादरबाई म्हणत, कारण तळघरातल्या धुलाईखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं चादरी मोजल्या. धुवायला यंत्रं होती, यंत्रं चालवायला माणसं होती, पण वर गेलेली प्रत्येक चादर खाली आली की नाही, हे फक्त बाईंना ठाऊक. मोजताना कोणी मध्येच बोललं तरी त्यांचा आकडा हलत नसे. "तीनशे बारा, डॉक्टर, तुमचा कोट इस्त्रीला गेलाय, उद्या मिळेल, तीनशे तेरा," असं त्या एका दमात म्हणत. कपड्यांच्या खिशात राहिलेल्या वस्तू त्या एका बरणीत ठेवायच्या. पेनं, चष्मे, एकदा तर चक्क एक कवळी. कवळीचा मालक शेवटपर्यंत पुढे आला नाही. "मागायला यायचं तर बोलावं लागेल ना बिचाऱ्याला," बाई म्हणायच्या.

मग रुग्णालयाने धुणं बाहेर द्यायचं ठरवलं. सकाळी एक मोठी गाडी येणार, मळकं घेऊन जाणार आणि संध्याकाळी धुतलेलं आणून टाकणार. धुलाईखान्यातल्या माणसांना वेळेआधी निवृत्त होण्याची विनंती करण्यात आली. विनंती मान्य न केल्यास काय होईल, तेही त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होतं. बाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. निरोपाच्या दिवशी आस्थापना विभागातल्या कारकुनाने, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग आता पुढे काय, बाई?"

"गाणं शिकणार," बाई म्हणाल्या.

हे ऐकून सगळ्यात जास्त दचकलं कोण, तर खुद्द बाई. आपल्या तोंडून हे निघालंच कसं, याचा विचार करत त्या घरी पोहोचल्या.

गाण्याशी त्यांचं वैर जुनं होतं. नऊ वर्षांच्या असताना शाळेच्या समूहगानाची तालीम चालू होती. गाणं शिकवणाऱ्या बाई रांगेतून कान खाली करून चालत आल्या, आणि डॉक्टर छाती तपासतात तशा एकेका मुलीच्या तोंडाशी थांबल्या. या मुलीपाशी जरा जास्तच थांबल्या. मग खांद्यावर हात ठेवून अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, तू फक्त तोंड हलव. आवाज काढू नकोस."

बाळाने ते फारच मनावर घेतलं. पुढची बेचाळीस वर्षं वाढदिवस असो की राष्ट्रगीत, ती फक्त तोंड हलवत राहिली. स्वतःच्या मुलीला झोपवतानाही तिने अंगाई गायली नाही, चादरींचे आकडे म्हटले. मुलगी दोनशेच्या आत झोपायची. पुढे ती गणितात हुशार निघाली आणि त्याचं सगळं श्रेय शाळेने घेतलं.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला बातमी दिली. नवरोबा मोटार चालवायला शिकवत. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्यांचा उजवा पाय कायम ब्रेकच्या शोधात असायचा. घरात कोणी जोरात आत आलं तरी तो पाय आपोआप जमीन दाबायचा.

"विद्यापीठात? पदवी?" पाय जमिनीवर टेकलाच.

"तीन वर्षांची. संगीताची. फॉर्म भरून टाकलाय."

"अगं, पण तू तर न्हाणीघरातसुद्धा गात नाहीस!"

"म्हणूनच तर शिकायचंय."

नवरोबांनी या उत्तराला सगळीकडून ठोकून पाहिलं, पण ते पक्कं निघालं.

मुलगी दातांची डॉक्टर झाली होती आणि तिला लोकलाज होती. ती म्हणाली, "आई, घराजवळ एखादी शिकवणी लाव ना. तुझ्यासारखेच हौशी लोक असतात तिथे. विद्यापीठात सगळी अठरा वर्षांची मुलं असतात."

"असू देत. मी काही करत नाही त्यांना."

"माझ्याकडे येणारे लोक काय म्हणतील?"

"तुझ्याकडे येणाऱ्यांची तोंडं उघडी असतात गं, पण त्यांना बोलता कुठे येतं?"

प्रवेशाला वयाची अट नव्हती. ती घालावी हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबोळक्या खोलीत तीन परीक्षक बसले होते. मध्ये गायनाचे विभागप्रमुख. त्यांच्या डावीकडे स्वरज्ञान शिकवणाऱ्या मॅडम. त्या बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत, म्हणून मुलांनी त्यांना 'लंबक' नाव दिलं होतं. उजवीकडे तालवाद्यांचे प्राध्यापक. त्यांचं नाव 'धडाम सर', आणि ते का, हे विचारावं लागत नसे.

बाईंनी घरी खिडक्या लावून महिनाभर सराव केला होता. शाळेत ज्या गाण्याला फक्त तोंड हलवलं होतं, तेच त्यांनी निवडलं. पहिली ओळ एका पट्टीत सुरू झाली, दुसरी भलत्याच पट्टीत निघाली, आणि तिसरी नेमकी कुठल्या पट्टीत होती यावर परीक्षकांचं नंतर बराच वेळ एकमत झालं नाही.

"तुम्ही फार मनापासून गाता," विभागप्रमुख म्हणाले आणि पाण्याचा अख्खा ग्लास प्यायले.

लंबक मॅडमनी यादीत काट मारायला पेन उचललं. तेवढ्यात धडाम सर पुढे सरकले. त्यांच्या विभागात दोन वर्षं एकही विद्यार्थी आला नव्हता. तिसऱ्या वर्षी नाही आला, तर विभाग बंद होऊन ढोल कोठीत जाणार होते आणि सर बहुधा त्यांच्या मागोमाग. त्यांनी पेन्सिलीने टेबलावर एक ठेका वाजवला. "हे टाळ्यांनी वाजवून दाखवा बघू."

बाईंनी वाजवलं. सरांनी अवघड केलं. बाईंनी तेही वाजवलं. सरांनी दोन हातांनी दोन वेगळे ठेके धरले, तर बाईंनी दोन हातांनी ते पकडून वर पायाने एक तिसराच धरला.

"हे कुठे शिकलात?" सरांनी विचारलं.

"शिकले नाही. आमचं चार नंबरचं यंत्र असं करायचं. त्याचा एक पाय आखूड होता. कपडे कमी भरले की हा ठेका." बाईंनी तो वाजवून दाखवला. "आणि पडदे भरले की हा."

सरांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तालवाद्यांत जागा आहे," सर म्हणाले. "गाणं दुय्यम विषय म्हणून घेता येईल."

"चालेल. एकदा दारातून आत घ्या, पुढचं पुढे बघू."

पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तेव्हा नव्या प्राध्यापिका समजून सगळी मुलं उभी राहिली. बाई पहिल्या बाकावर बसल्या, तेव्हा ती गोंधळून खाली बसली. आठवड्याभरात त्या सगळ्यांच्या 'काकू' झाल्या. शेजारी बसणारी मुलगी बासरी वाजवायची, तिला सगळे बासरीच म्हणत. तिच्या डोळ्यांत कायम अशी भीती असायची, की आपण काहीतरी मोडलंय आणि ते अजून कोणाला कळलेलं नाही.

अभ्यास मात्र बाईंच्या अंदाजापेक्षा फारच निराळा निघाला. त्यांना वाटलं होतं, गाणी शिकवतील. इथे तर कागदावर पाच रेघा आणि त्यांवर बसलेल्या मुंग्या. त्या मुंग्यांचे उभ्या रेघांनी तुकडे पाडलेले, आणि एका तुकड्याला म्हणायचं 'बार'. बाई घरी येऊन सांगू लागल्या, "आज चाळीस बार झाले माझे." नवरोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "चाळीस? आणि चालत आलीस?"

झांजा म्हणजे दोन पितळी थाळ्या, आणि त्या वाजवायला काय लागतं, असा बाईंचा समज होता. पहिल्याच फटक्याला दोन्ही झांजा एकमेकींना घट्ट चिकटल्या. मध्ये हवा कोंडली गेली होती. बाई त्या ओढत राहिल्या, शेवटी सरांनी बोटाने कड उचलून त्या सोडवल्या. "आपटायच्या नसतात, बाई. जरा तिरप्या भेटवायच्या. दोन विहिणी गळाभेट घेतात तशा, वरवर." बाईंना स्वतःची विहीण डोळ्यांसमोर आली आणि दुसऱ्या खेपेला झांजा खणखणीत वाजल्या.

ताल जमत गेला. सूर काही केल्या जमेना. लंबक मॅडम पियानोवर दोन स्वर वाजवत आणि त्यांच्यातलं अंतर विचारत.

"वरचा जरा वर आहे," बाई म्हणायच्या.

"ते कळलं. किती वर?"

"जरासाच. लांब नाही."

वर्षाच्या शेवटी स्वरज्ञानात त्यांना शंभरात एकोणीस गुण मिळाले. त्यातले चार बहुधा स्वच्छ अक्षराचे होते.

तरी बाईंचं चित्त गाण्यावरच होतं. आठवड्यातून एकदा दुय्यम विषयाचा तास असायचा. त्या पोटातून श्वास घ्यायला शिकल्या, ताठ उभं राहायला शिकल्या. वर्षभराने त्यांना खात्री वाटू लागली की आता आपण गातो. त्याच सुमारास एका शाळूमैत्रिणीकडून कळलं, की शाळेतल्या त्या गाण्याच्या बाई अजून आहेत, नव्वदीला टेकल्या आहेत आणि गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहतात. चादरबाईंनी विद्यापीठाचं ओळखपत्र पर्समध्ये घातलं आणि त्या भेटायला गेल्या.

म्हाताऱ्या बाई खिडकीशी शब्दकोडं सोडवत होत्या. चष्मा लावून त्यांनी ओळखपत्र नीट वाचलं.

"संगीत विभाग. वा! पण तू कोण गं?"

चादरबाईंनी सगळं सांगितलं. शाळा, इयत्ता, रांगेतली जागा, खांद्यावरचा हात आणि ते वाक्य. मनात त्या ही भेट इतक्या वेळा घोकून आल्या होत्या, की समोरच्या माणसाने रडायला कधी सुरुवात करायची तेही ठरलेलं होतं.

"असेल बाई," म्हातारी म्हणाली. "मला नाही आठवत. वर्षाला तीन-चार जणींना तरी सांगायचे मी तसं."

"तीन-चार?"

"एखाद्या वर्षी पाचसुद्धा. ते जाऊ दे. म्हण बघू काहीतरी."

चादरबाई उभ्या राहिल्या, पाय जरा फाकवून, खांदे सैल सोडून, पोटात श्वास भरून. अख्खं गाणं त्यांनी म्हटलं. म्हातारीने डोळे मिटले होते आणि कान खाली केला होता. गाणं संपल्यावर तिने चादरबाईंच्या हातावर हात ठेवला.

"श्वास फार सुंदर घेतेस, बाळ."

"आणि?"

"आणि तू फक्त तोंड हलव."

मग तिने बिस्किटांचा डबा पुढे केला. चादरबाईंनी एक बिस्किट घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

खरी पंचाईत पुढेच होती. वर्षभराच्या शिक्षणाने कान थोडासा उघडला होता, आणि त्या उघड्या कानाला गाताना स्वच्छ ऐकू आलं होतं, की म्हातारी बरोबर बोलतेय. बेचाळीस वर्षं जपलेला राग बसल्या जागी निकामी झाला. तो आता कोणाच्या पत्त्यावर पाठवायचा, हेच बाईंना कळेना.

अकरा दिवस त्या विद्यापीठात गेल्या नाहीत. घरातलं कापड न् कापड त्यांनी धुऊन काढलं. पडदे, अभ्रे, मोटारीच्या आसनांची आवरणं. मग नवरोबांचे सगळे सदरे इस्त्री केले, मग रुमाल, मग मोजे. बाराव्या दिवशी नवरोबा कडक इस्त्रीचे मोजे घालून समोर येऊन बसले.

"माझ्याकडे एक बाई यायच्या शिकायला," ते म्हणाले. "गाडी मागे घ्यायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. तीनदा नापास झाल्या. अजूनही त्यांना गाडी मागे घेता येत नाही."

"मग?"

"मग काय, पास झाल्या चौथ्यांदा. कसं ते परीक्षकालाच माहीत. रोज गाडी चालवतात. गाडी लावतानाच अशी लावतात, की निघताना पुढेच निघता येईल."

"याचा माझ्याशी काय संबंध?"

"काहीच नाही. पण घरात आता इस्त्री करण्यासारखं काही उरलेलं नाही आणि हे मोजे टोचतात. तू आपली कॉलेजला जा."

बाई गेल्या. धडाम सर त्यांना बघून अक्षरशः धावत आले. "कुठे होता, बाई? तो लोखंडी सळीचा त्रिकोण वाजवायला कोणी नव्हतं. शेवटी खेळाच्या शिक्षकांना बोलावलं. ते शिट्टी फुंकल्यासारखा त्रिकोण वाजवतात."

"सर, मी गाणं सोडायचं म्हणतेय."

"उत्तम!" सर म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले, की बाईंना वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. वर त्यांनी पुस्ती जोडली, "स्वरज्ञान मात्र सुटणार नाही. ते सक्तीचं आहे."

त्या दिवसापासून बाईंनी सगळा जोर तालवाद्यांवर लावला. कढईएवढे मोठे ढोल, टेबलावरचे छोटे ढोल, त्रिकोण, घुंगरांचा पट्टा, काही म्हणजे काही सोडलं नाही. आणि त्यांच्या लक्षात आलं, की वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवणाऱ्याचं मुख्य काम वाजवणं नसतंच. गप्प बसून मोजत राहणं असतं. पन्नास बार गप्प, एक ठोका. ऐंशी बार गप्प, दोन ठोके. वर्गातली मुलं यालाच कंटाळून दुसरी वाद्यं घेत होती. बाईंना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंदाचा जाहीर कार्यक्रम ठरला. हातातल्या काठीने सगळ्या वादकांना इशारे देणारा संचालक म्हणून एक तरुण पाहुणा बोलावला होता. त्याचे केस फार सुंदर होते आणि ते हलवण्यासाठीच त्याने हा पेशा धरला असावा, असं धडाम सरांचं मत होतं. समोर कागद न ठेवता, सगळं पाठ करून, डोळे मिटून तो संचालन करायचा. शेवटच्या रचनेत चादरबाईंना एकशे चोवीस बार काहीच काम नव्हतं. एकशे पंचविसाव्यावर झांजांचा एकच दणका, आणि तिथेच सगळी वाद्यं एकदम उसळून वर यायची.

नवरोबा आणि मुलगी तिसऱ्या रांगेत बसले होते. मुलीने आदल्या दिवशी चारदा बजावलं होतं, की आई, काही गडबड नको.

नव्वदाव्या बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग संचालकाने केस मागे टाकले आणि त्या झटक्यात त्याच्या पाठांतरातलं एक पान बहुधा गळून पडलं. त्याच्या काठीने डावीकडच्यांना भलतीकडे नेलं, उजवीकडचे होते तिथेच राहिले, आणि मधल्या दोघांनी वाद्यं मांडीवर ठेवून सरळ त्याच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. बासरी बाईंच्या अगदी पुढे बसली होती. ती मान न वळवता पुटपुटली, "काकू, आपण कुठे आहोत?"

"अठ्ठ्याण्णव, बाळा, सात बारांनी तू, घाबरू नकोस, नव्व्याण्णव."

बासरी सात बारांनी सुरू झाली. तिच्या आधाराने आणखी चार-पाच जणं सरळ झाली. बाकीचे अजून रानोमाळ होते. एकशे दहाव्या बारावर संचालकाला वाटलं, की तो मोठा क्षण आला. त्याने दोन्ही हात उंच केले आणि काठी थेट बाईंवर रोखली. सगळ्या सभागृहाने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी झांजा हलवल्या नाहीत.

त्याने पुन्हा काठी रोखली, या वेळी भुवयांसकट. सही नसलेल्या चिठ्ठीवर चादर मागायला आलेल्या डॉक्टरांकडे बाई ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली. नाही.

तिसऱ्या रांगेत एका पायाने जोरात ब्रेक मारल्याचा आवाज आला. कोणीतरी हसलं. संचालकाचे कान लाल झाले. तो काठी नुसतीच फिरवत राहिला, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. बाईंचे ओठ हलत होते. एकशे बावीस. एकशे तेवीस. एकशे चोवीस. मग त्यांनी खांदे उघडले आणि दणका दिला.

वाट चुकलेली सगळी वाद्यं जणू तेवढ्याचीच वाट बघत होती. एकूण एक वादक त्या दणक्यावर येऊन पोहोचला आणि तिथून शेवटापर्यंत सगळे एकत्र गेले. संचालकसुद्धा. टाळ्या थांबेनात. संचालकाने सतरा वेळा वाकून नमस्कार केला. सतरा हा आकडा बाईंचा, म्हणजे खराच असणार.

कार्यक्रम झाल्यावर त्याने बाईंना पडद्यामागे गाठलं. "तुम्ही माझा इशारा पाळला नाहीत!"

"तुम्ही पंधरा बार लवकर होतात."

"संचालक मी आहे!"

"तुम्हीच आहात हो. पण मोजत मी होते."

धडाम सर घाईघाईने वाद्यांच्या कोठीत गेले आणि दार लावून घेऊन हसले. विद्यापीठाच्या वार्तापत्रात पुढच्या आठवड्यात छापून आलं, की संचालकांनी शेवटाआधी अराजकाचा जो अद्भुत आभास निर्माण केला, तो केवळ थोर कलावंतालाच साधतो. बाईंनी ते कात्रण कापून नवरोबांच्या पाकिटात ठेवलं.

मुलगी घरी जाताना गाडीत आईकडे वळून बसली. मग म्हणाली, "आई, तू सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणालीस."

"मग काय करणार? चुकीचं होतं ते."

"परत एकदा मान हलवून दाखव ना, कशी हलवलीस."

बाईंनी हलवून दाखवली. त्यानंतर महिनाभर मुलीकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाने, तोंड उघडं ठेवून, हा किस्सा ऐकला.

पदवी मात्र लटकली. बाकी सगळे विषय सुटले, स्वरज्ञान तिन्ही वेळा बुडालं. बरोबरची मुलं पास होऊन पांगली. बासरी दुसऱ्या गावी नोकरीला लागली, आणि बाई चौथ्या वर्षीही पहिल्या बाकावर नव्या मुलांच्या काकू होऊन बसल्या. चौथ्या परीक्षेतही आपटल्या.

पाचव्या वर्षी नवरोबांचे डोळे तपासायला त्या जुन्या रुग्णालयात गेल्या होत्या. लिफ्ट आली, 'टिंग-टाँग' वाजली, दार उघडलं. बाई आत गेल्याच नाहीत. हे दोन स्वर त्यांनी सव्वीस वर्षं रोज ऐकले होते आणि ते डोक्यात दगडावर कोरल्यासारखे पक्के होते. त्यांनी नवरोबांना बाकावर बसवलं आणि लिफ्टने सहा खेपा मारल्या. मग विभागात जाऊन पियानोवर बोटाने चाचपत ते दोन स्वर शोधले. उतरता तिसरा! पुस्तकात ज्या अंतराला हे नाव होतं, ते तर लिफ्टमध्ये राहत होतं.

पुढचे चार महिने बाई वहीपेन घेऊन हिंडल्या. परिचारिकेला बोलावण्याची घंटा, मागे येणारी रुग्णवाहिका, सलाईन संपल्याची सूचना, उघड्या राहिलेल्या फ्रिजची कुरकुर. एकेक करून सगळी अंतरं त्यांना सापडली. सातवा तेवढा कुठे मिळेना, तो शेवटी मुलीच्या दवाखान्यात, दात कोरायच्या यंत्रात भेटला.

परीक्षेत लंबक मॅडमनी दोन स्वर वाजवले.

"लिफ्ट," बाई म्हणाल्या. "म्हणजे तिसरा, उतरता."

मॅडमचं डुलणं थांबलं. त्यांनी दुसरे दोन वाजवले.

"सलाईन संपली. चढता चौथा."

"आणि हे?"

"ही अतिदक्षता विभागातली घंटा. पाचवा. ही ऐकायची वेळ तुमच्यावर न येवो, मॅडम."

शंभरात त्रेचाळीस. पास व्हायला चाळीस लागायचे. निकाल लावल्यावर लंबक मॅडमनी त्यांना थांबवून विचारलं, ती यादी मला लिहून द्याल का, इतर मुलांसाठी? बाईंनी दिली, स्वच्छ अक्षरात.

तीन वर्षांची पदवी त्यांनी पाच वर्षांत, तिसऱ्या श्रेणीत, छप्पन्नाव्या वर्षी मिळवली. पदवीदानाला काळे झगे भाड्याने आणले होते. कुलगुरूंच्या हातून कागद घेताना बाईंनी त्यांच्या बाहीकडे बघून हळूच सांगितलं, "हा डाग शाईचा आहे. दुधात भिजत घाला." कुलगुरूंनी आभार मानले. त्या दिवशी इतकी उपयोगी गोष्ट व्यासपीठावर दुसरं कोणीच बोललं नव्हतं. धडाम सरांचा विभाग टिकला. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे चार विद्यार्थी आले आणि सरांना आता खाली बसायला खुर्ची उरत नाही.

बाई सध्या शहरातल्या हौशी वाद्यवृंदात झांजा वाजवतात. शिवाय मागच्या हिवाळ्यात एका नाटक मंडळीचा निरोप आला, की वादळाचा प्रसंग आहे, पडद्यामागे गडगडाट करायला माणूस हवं. त्यासाठी माणसाच्या उंचीचा एक लोखंडी पत्रा वरून टांगलेला असतो, तो खालच्या कडेला धरून हलवायचा. हळू हलवला तर लांबचा मेघ, जोरात हलवला तर डोक्यावरचा. बाईंनी तो असा काही हलवला, की पहिल्याच प्रयोगाला मागच्या रांगेतली दोन माणसं छत्र्या कुठे ठेवल्या ते शोधू लागली.

नाटकाचे आतापर्यंत एकतीस प्रयोग झाले. नवरोबा प्रत्येकाला जातात आणि दर वेळी वेगळ्या जागेवर बसतात. नाटक कशाबद्दल आहे, हे त्यांना अजून नीटसं सांगता येत नाही. दुसऱ्या अंकात दिवे मंदावतात, लांबून पहिला गडगडाट येतो, तेव्हा ते शेजारच्या अनोळखी माणसाकडे झुकतात आणि म्हणतात, "ही आमची."